धुक्यात गाडी चालवणाऱ्या वन्सं

सगळ्या जगाच्या उलट वागून शेवटी बरोबर ठरणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी माझ्या नशिबी नणंद म्हणून आली. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, राहुरीला एकट्या राहतात. तीस वर्षं त्यांनी नेवाशाकडच्या खेड्यांत नर्स म्हणून काम केलं आणि ती सगळी वर्षं एका मोपेडवर काढली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात असा गच्च बसायचा, की मोपेड चालवण्यापेक्षा ढकलण्यातच आपली निम्मी नोकरी गेली, असं त्या म्हणतात. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, वन्सं गाडी शिकायला गेल्या. मग एक जुनी पांढरी गाडी घेऊन त्यांनी तिचं जे काही संगोपन चालवलं, ते पाहून त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, एकदा म्हणाले, "एवढं लक्ष ताईनं माझ्या अभ्यासाकडं दिलं असतं तर मी कलेक्टर झालो असतो."

वन्संच्या पंचांगात वर्षाला दोनच महत्त्वाचे सण. एक मृगाच्या आधीचा आणि दुसरा तुळशीचं लग्न झाल्यानंतरचा. पहिल्याला गाडी पावसासाठी तयार व्हायची, दुसऱ्याला धुक्यासाठी. दोन्हींना नगरहून मला बोलावणं असायचं, कारण मी शाळेत शिक्षिका असल्यामुळे मला तपासणीची सवय असेल असा त्यांचा समज होता. अख्खा उन्हाळा गाडीचे वायपर काचेपासून उचललेले असत आणि दोघांना करड्या रंगाचे जुने पायमोजे घातलेले असत. तापलेल्या काचेवर रबर भाजून निघतं आणि मग पहिल्या सरीला वायपर पाणी पुसण्याऐवजी नुसतं सारवतं, हे त्यांचं म्हणणं. पण शेजारच्या बाईंना तो काहीतरी नवस वाटला होता. तो फळाला येतो का, हे त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलंही होतं. टायरमधली हवा टायर थंड असतानाच बघायची, असा वन्संचा नियम. आणि पंप दोन किलोमीटरवर. तिथं जाईपर्यंत टायर गरम होणार. मी म्हटलं, मग पंपावर जाऊन गार होईपर्यंत बसून राहायचं का? यावर त्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी पायानं मारायचा पंप विकत आणला. पहाटे उठून त्या तो मारत. गल्लीतल्या लोकांना वाटे, बाईंना डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय.

माझी खरी परीक्षा दिव्यांची. वन्सं आत बसून बटणं दाबायच्या आणि मी समोर उभी राहून सांगायचं.

"डावा लागला का?"

"माझा डावा की तुमचा?"

"गाडीचा!"

मग गाडीचा डावा शोधण्यासाठी मी गाडीकडे पाठ करून उभी राहायची, म्हणजे गाडी जिकडे बघते तिकडे बघायची. त्यामुळे डावा कुठला ते कळायचं, पण तो लागलाय का ते दिसायचं नाही. हे सगळं मला दर वर्षी नव्यानं करावं लागे.

गाडीत बसल्यावर तर माझी मती पार गुंग व्हायची. जानेवारीतल्या एका सकाळी थंडीनं माझे दात वाजत होते आणि वन्संनी एसी लावला. मी शाल कानावरून घेतली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "काच बघ," त्या म्हणाल्या. आमच्या दोघींच्या श्वासानं धुरकटलेली पुढची काच हळूहळू खालून वर स्वच्छ होत गेली. धुक्यात समोरचं दिसत नाही म्हणून माणूस दिवे मोठे करील की नाही? वन्सं ते खाली करायच्या. मोठा दिवा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो म्हणे. चौकातून सरळ जाताना आमच्याकडे सगळे जण चारही इंडिकेटर लुकलुकवत जातात. वन्संनी ते चालत्या गाडीत कधी लावले नाहीत. "चारी दिवे म्हणजे मी थांबलेय. चालताना थांबलेय असं कसं सांगू?" पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं याचं माप म्हणजे विठ्ठल. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोहोचली की मी मोठ्यानं म्हणायचं, एक विठ्ठल, दोन विठ्ठल. कोरड्या रस्त्यावर तीन विठ्ठल झाल्याशिवाय आपण त्या झाडापाशी पोहोचायचं नाही, ओल्या रस्त्यावर सहा. आम्ही एवढी जागा सोडली की मध्ये कुणीतरी घुसायचा, मग पुन्हा एक विठ्ठल. नगरला पोहोचेपर्यंत माझा हरिपाठ व्हायचा, पण पुण्य कुणाच्या खात्यावर गेलं ते विठ्ठलालाच ठाऊक.

एकदा कारखान्याजवळच्या वळणावर टँकरमधून मळी सांडली होती. साखर झाल्यावर उरतो तो काळा चिकट पाक. त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल आणि वरून अवकाळीची भुरभुर. आमच्या गाडीची शेपूट एकदम उजवीकडे निघाली. मी ओरडले, "ब्रेक! ब्रेक!" वन्संनी ब्रेकला शिवलंसुद्धा नाही. ॲक्सिलेटरवरचा पाय अलगद उचलला आणि शेपूट जिकडे चालली होती तिकडेच स्टिअरिंग वळवलं. मला वाटलं, आता ह्या खड्ड्यातच नेतात. गाडीनं एक हेलकावा खाल्ला आणि शहाण्या मुलीसारखी सरळ झाली. पुढं अर्धा किलोमीटर गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मी ब्रेक म्हणाले होते."

"ऐकलं ना मी," त्या म्हणाल्या. "ऐकलं म्हणूनच पाय लांब ठेवला."

मला ही बाई भित्री आहे की धीट, हे इतकी वर्षं कळत नव्हतं. ओढ्याच्या फरशीवरून हातभर पाणी वाहत असलं की त्या गाडी वळवून बारा किलोमीटरचा फेरा घेत. मागचे जीपवाले हसून म्हणत, "बाई, घोट्याएवढं पानी हाय, चला की!" वन्सं म्हणत, "तुमचे घोटे उंच आहेत." भित्रीच, असं मी ठरवून टाकलं होतं. मग माझ्या मुलाच्या साखरपुड्याचा दिवस उजाडला आणि माझं ते ठरवणंही मोडीत निघालं.

साखरपुडा नेवाशाला, मुलीच्या घरी. मुहूर्त सकाळी नऊ चाळीसचा. हे, मुलगा आणि पाहुणे मंडळी आदल्या दिवशीच पुढं गेली होती. मुलीसाठी घेतलेली साडी मात्र फॉल-पिकोला राहुरीतच दिलेली, ती संध्याकाळी मिळायची होती. म्हणून मी वन्संकडे मुक्कामाला राहिले. डाळिंबी रंगाची, हातभर रुंद जरीच्या पदराची साडी. आपल्याकडे ओटी भरायची तर ती साडी हवी, आणि मुलीनं ती नेसून येईपर्यंत पुढचं काही हलत नाही. म्हणजे सगळा कार्यक्रम माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता.

सकाळी सहा वाजता निघालो तेव्हा अंगणातली तुळस दिसत नव्हती. कालव्याचं पाणी सुटलेलं, दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्यात डिसेंबर. धुकं नव्हतंच ते, कुणीतरी रस्त्यावर दुलई पसरली होती. वन्संनी दिवे खाली केले, रेडिओ बंद केला आणि स्वतःच्या बाजूची काच खाली घेतली. थंडी सपकन आत आली.

"काच कशाला?"

"दिसत नाही तेव्हा ऐकायचं असतं. तू बोलू नको."

आम्ही सायकलच्या वेगानं चाललो होतो. मी घड्याळ बघत होते. या वेगानं मुलाचा साखरपुडा चुकेल, थेट बारशालाच पोहोचू, असं मनात येत होतं. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "उसाचा वास येतोय."

मी म्हटलं, "चारी बाजूंना ऊसच आहे."

"उभ्या उसाला वास नसतो. हा तोडलेला आहे." आणि त्यांनी पाय आणखी उचलला.

पुढच्या क्षणी समोर एक भिंत उभी राहिली. उसाच्या मोळ्यांची भिंत, आमच्या गाडीच्या दुप्पट उंच, रस्त्याच्या बरोबर मधोमध, ना दिवा ना काही. आमची गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. एका मोळीचं वाढं, उसाचा हिरवा शेंडा, काचेला टेकलं होतं. मी पिशवी छातीशी धरली आणि जे देव आठवले त्यांची नावं घेतली. वन्संनी मागं बघितलं, गाडी थोडी मागं घेतली, त्या ट्रॉलीला वळसा घालून पुढं नेली आणि डांबराच्या पार खाली, बाभळीच्या बुडाशी उभी केली. आणि सगळे दिवे बंद केले.

"अहो वन्सं, दिवे राहू द्या! कुणी येऊन आदळेल!"

"दिवे दिसले तर त्याला वाटेल गाडी रस्त्यावरनं चाललीय. तो मागोमाग इथंच येईल. उतर."

डिकीतून त्यांनी टॉर्च आणि लाल चमकणारा त्रिकोण काढला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या होत्या आणि मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं होतं. पाथर्डीकडचा ट्रॅक्टरवाला कानाला मफलर गुंडाळून चाकाशी बसला होता. त्यानं मागं चार धोंडे मांडून ठेवले होते.

"टायर गेलं बाई," तो म्हणाला. "दुसरा ट्रॅक्टर बोलीवलाय. येतो म्हनला."

"मागचा दिवा कुठं आहे?"

"हाय की दिवा."

"कुठं आहे?"

"उसाखाली हाय. पेटतोय बी. भायेरून दिसत न्हाई, एवढंच."

"मग तो पेटतोय कुणासाठी?" वन्सं म्हणाल्या. त्यानं या प्रश्नाचा मनापासून विचार केला आणि मफलर आणखी घट्ट गुंडाळला.

समोरून येणाऱ्यांना थांबवायला वन्संनी त्याला पुढच्या बाजूला उभं केलं. त्रिकोण घेऊन त्या मागं पावलं मोजत गेल्या आणि शंभरावर तो ठेवून परत आल्या. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे त्यांनी बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला, पण कळला नाही असं मी दाखवलं.

"एसटी यायची वेळ झालीय," त्या म्हणाल्या. "त्रिकोण जमिनीवर असतो. एसटीवाला उंच बसतो, धुक्यात त्याला पायाशी काय दिसणार? साडी काढ."

"वन्सं! सुनेची साडी आहे ती. घडी मोडायचा मान तिचा!"

"अगं, बसमध्ये पन्नास माणसं आहेत."

सुनेच्या साडीची घडी मी नेवाशाच्या रस्त्यावर मोडली. वन्संनी मला त्रिकोणाच्याही मागं नेलं, डांबर सोडून रस्त्यालगतच्या पाण्याच्या चारीच्या पलीकडे उभं केलं, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात टॉर्च दिला. "टॉर्च बसवर मारू नको, त्याचे डोळे दिपतील. साडीवर मार. जरीचा पदर चमकला पाहिजे. आणि काही झालं तरी चारी ओलांडून रस्त्यावर येऊ नको." एवढं सांगून त्या ट्रॉलीकडे धुक्यात नाहीशा झाल्या, आणि मी एकटी वरमाय, हात वर करून साडी हलवत उभी राहिले. तेवढ्यात कमरेचा मोबाईल वाजला. ह्यांचा; तो मी खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"कुठं आहात? इथं सगळे विचारतायत. साडी कुठंय?"

"माझ्या हातात आहे."

"हातात म्हणजे?"

"रस्त्याकडेला उभी आहे. हलवतेय."

मग ह्यांचा बारीक आवाज आला, "ताईला दे फोन."

वन्सं इथं नाहीत असं सांगणार, तोच मला इंजिनाची घरघर ऐकू आली. आधी नुसता आवाज, मग दोन पिवळे ठिपके, आणि ते ठिपके हळू नव्हते. मी साडी हलवत होते आणि ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. बहुधा "ब्रेक! ब्रेक!" हेच असावं. जन्मात पहिल्यांदा ते योग्य ठिकाणी ओरडले. बस माझ्यासमोरून सूं करून गेली, टायर किंचाळले, त्रिकोण उडाल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. मी डोळे मिटून पुढच्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. डोळे उघडून चारीच्या काठाकाठानं धावत गेले, तर ट्रॉलीच्या अलीकडे सात-आठ पावलांवर एसटी उभी होती आणि तिच्यासमोर, रस्त्याच्या कडेला, वन्सं.

कंडक्टर आधी उतरला. माझा अवतार बघून म्हणाला, "मावशी, कुनाचं लगीन हाय का?" त्याच्यामागून ड्रायव्हर उतरला. त्यानं उसाच्या भिंतीकडे बघितलं, आपल्या बसकडे बघितलं, खिडकीतून डोकावणाऱ्या शाळेच्या मुलींकडे बघितलं, आणि माझ्या हातातल्या पदराला बोट लावलं. "मला ही साडी दिसली," तो म्हणाला. "दुसरं काय बी दिसलं न्हाई." मग तो बसच्या पायरीवर खाली बसला आणि कंडक्टरनं त्याला पाणी दिलं.

साडेआठला दुसरा ट्रॅक्टर आला, बसमधल्या माणसांनी हात लावला आणि ट्रॉली कडेला गेली. तरी वन्सं हलेनात. पाथर्डीकर धोंडे तिथंच टाकून निघाला होता, त्याला त्यांनी परत बोलावलं. "हे उचला आधी. उद्या तुमच्या दगडावरनं मोटरसायकल उलटेल." त्यानं चारही धोंडे उचलून चारीत टाकले, आणि जाताना वन्संच्या पायाला हात लावला. त्या नको नको म्हणत मागं सरकल्या. मग आम्ही गाडीत येऊन बसलो. वन्संनी किल्ली लावायला हात पुढं केला, तर किल्ली भोकात जाईना. हात इतका थरथरत होता, की किल्लीचा जुडगा वाजत होता.

"दोन मिनिटं थांब," त्या म्हणाल्या. "अशा हातानं चालवायची नाही."

आम्ही दोन मिनिटं बसलो. बाहेर ऊन यायला लागलं होतं. म्हणजे भित्रीच होती का ही? की भीती वाटूनही जे करायचं ते करणाऱ्याला दुसरं काही म्हणतात? मी मराठी शिकवते, पण मला तो शब्द तेव्हाही सापडला नाही.

नेवाशाला पोहोचायला साडेदहा झाले. मुहूर्त केव्हाच टळला होता. विहीणबाईंनी साडी हातात घेतली, मोडलेली घडी पाहिली, दवानं दमट झालेला पदर आणि त्याच्यावरचा मातीचा डाग पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार तोच वन्सं पुढं झाल्या. "उशीर माझ्यामुळं आणि साडीही मीच वापरायला लावली. वाटेत ट्रॉली मोडली होती, बस अडवायला दुसरं काही नव्हतं." मुलगी आतल्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "आत्या, बस थांबली का?"

"थांबली."

"मग झालं तर," ती म्हणाली. आईच्या हातातून साडी घेऊन ती आत गेली, आणि दहा मिनिटांत नेसून बाहेर आली. माती तिनं पाण्याच्या हातानं पुसली होती. जागा ओली दिसत होती, पण ती तिनं लपवली नव्हती. ही पोरगी आपल्या घरात शोभेल, असं वन्सं माझ्या कानात म्हणाल्या. कुणासारखी शोभेल, ते मी विचारलं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मध्यंतरी वन्संनी मलाही गाडी शिकायला लावलं. चोपन्नाव्या वर्षी, हातपाय कुठं ठेवायचे हेच मला महिनाभर कळत नव्हतं. मग गेल्या हिवाळ्यात त्यांना समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. नगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. दिवसा, जपून, थोडीफार गाडी चालवायला हरकत नाही असंही ते म्हणाले, बहुधा वन्संचं मन राखायला. वन्संनी त्यांना एवढंच विचारलं, "तुमच्या मुलांना माझ्या गाडीत बसवाल का?" डॉक्टर हसले, पण हो म्हणाले नाहीत. दवाखान्याच्या बाहेर आल्यावर वन्संनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. रडल्या नाहीत, काही नाही.

मी म्हटलं, "मला कशाला? ह्यांना द्या. मी फार गोंधळते हो."

"म्हणूनच तुला," त्या म्हणाल्या. "गोंधळणारा माणूस हळू चालवतो."

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी त्यांना राहुरीहून नगरला डोळे दाखवायला नेते. त्या शेजारी बसतात, सूचना देत नाहीत, आणि हेच मला सगळ्यात कठीण जातं. परवा सकाळी असंच निघालो होतो. नऊ वाजले असतील. आभाळ स्वच्छ होतं, लख्ख ऊन पडलं होतं, इतकं की डोळ्यांवर येतं म्हणून मी वरची पट्टी खाली ओढून घेतली होती. लांबच्या डोंगरावरची झाडंसुद्धा मोजता आली असती. वन्सं बराच वेळ समोर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आज धुकं बरंच आहे, नाही का गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या सरळ समोर बघत होत्या, दोन्ही हात मांडीवर. खरं सांगावं की नाही, हे मला कळेना. खरं काय, तेही क्षणभर कळेना.

"हो," मी म्हटलं, "आहे थोडं." आणि गाडी हळू केली.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. मग आणखी एक. मी आरशात बघितलं.

"वाजवू देत," वन्सं म्हणाल्या. "आपण आपलं हळूच जाऊ."